दाजींच्या भिंतीचा ओळंबा

माझी शाळा चौथीत सुटली. त्यामुळं लिहिताना कुठं काना-मात्रा चुकला तर वाचणाऱ्यानं दुरुस्त करून घ्यावा, पण जे सांगतोय त्यात दुरुस्ती करू नये. तेवढं माझं मला पक्कं आठवतं. माणूस पुष्कळ विसरतो, उपकार तर पहिले विसरतो, पण चारचौघांत झालेला अपमान विसरत नाही. मी तरी विसरलो नाही आणि विसरायचा प्रयत्नही कधी केला नाही.

आमचं घर मखमलाबादच्या रस्त्याला, पाटाच्या अलीकडं. वडील लवकर गेले, मागं आई, आक्का, मी आणि थोडा मळा. झेंडू, शेवंती, मधल्या सऱ्यांत मेथी नाहीतर कोथिंबीर. घराला कायम झेंडूचा उग्र वास असायचा, पण तो पाहुण्यांना यायचा, आम्हाला नाही. आई ओट्यावर पाय पसरून बसायची, मांडीवर फुलांचा ढीग, हातात लांब सुई, आणि तोंडानं कुणाशी ना कुणाशी बोलणं चालूच. फुलं ओली राहावीत म्हणून घरामागं एक खोली होती. खाली सारवलेली जमीन, वर पत्रा आणि फुलांवर टाकायला भिजवलेली गोणपाटं. तिला आम्ही फुलांची खोली म्हणायचो. पुढं तीच माझं वर्कशॉप झाली, पण ती सुखासुखी झाली नाही, रागानं झाली.

आक्काचं लग्न झालं ते अंबडला कारखाना असलेल्या माणसाशी. कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये तीन लेथ आणि एक ड्रिल मशीन, पण आमच्या भावकीत तेवढ्यावरही लोक मान खाली घालून बोलायचे. दाजी दिसायला उंच, शर्टाला कायम इस्त्री, खिशात वीतभर स्टीलची पट्टी. बोलताना ती पट्टी काढून हवेत फिरवायची सवय. लग्नानंतर त्यांनीच मला कामाला नेलं. आईला वाटलं पोराचं कल्याण झालं. मी झाडायचो, तेल घालायचो, लोखंडाचे गज उतरवायचो आणि लेथवरचा माणूस कसा हात फिरवतो ते बघत राहायचो. लोखंड पकडून गरगर फिरणाऱ्या त्या चकाचं मला वेडच लागलं होतं. लोखंड सुरीखाली काकडीसारखं सोललं जातं हे ज्यानं जवळून बघितलं नाही त्याला हे वेड सांगून कळायचं नाही.

मी मागं लागलो तेव्हा दाजींनी मला कोपऱ्यातल्या लेथवर एक पिन करायला दिली. बोटाएवढी जाड, पोलादाची. मी जीव ओतून केली. तेव्हा त्यांच्याकडं गिऱ्हाईक बसलेलं. दाजींनी पिन उचलली, टेबलावरच्या काचेवर ठेवली आणि बोटानं ढकलली. पिन सरळ गडगडली नाही, लंगड्या माणसासारखी उसळत गेली. दाजी गिऱ्हाइकाला म्हणाले, "हे आमचे मेहुणे. हातही वाकडा आणि नजरही वाकडी. देवानं फुलं तोडायला घातलेला माणूस, तो लोखंडाला काय सरळ करणार?" सगळे हसले. पुढं कितीतरी दिवसांनी तिथल्याच एका कारागिरानं मला बाजारात गाठून सांगितलं की त्या कोपऱ्यातल्या लेथचा चकच झिजलेला होता, त्यावर कुणाचीही पिन सरळ निघाली नसती आणि हे दाजींना माहीत होतं. म्हणूनच ती मशीन मला दिली होती.

तरी कारखान्यातलं हसू मी गिळलं असतं. त्याच आठवड्यात दाजी आणि आक्का घरी जेवायला आले. जावई आला की आमच्याकडं पुरणपोळी, सार, कुरडया, भजी. आई चुलीपुढं घामानं निथळत होती. जेवताना दाजींनी खिशातून ती पिन काढली आणि आईच्या पुढ्यात फरशीवर गडगडत सोडली. "सासूबाई, तुमच्या चिरंजीवांची कला बघा." पिन टकटक करत पाटापर्यंत गेली. दाजी हसले आणि आईही हसली. जावई हसला की सासूनं हसायचं असतं, त्यात तिची चूक नाही, हे मला आजही कळतं. पण तेव्हा माझ्या तोंडातला पोळीचा घास मातीसारखा झाला. आक्का वाढत होती. ती हसली नाही. तिनं वाकून पिन उचलली आणि जाता जाता माझ्या ताटाशेजारी ठेवली. मी ती खिशात घातली आणि दुसऱ्या दिवसापासून कारखान्याचं तोंड बघितलं नाही.

मनात एकच धरलं. माझ्या घरात, माझ्या मशीनवर, ह्याच हातानं अशी वस्तू करायची की दाजींना ती हातात धरावी लागेल आणि हसता येणार नाही. वस्तू कोणती ते ठरलं नव्हतं. पोटापाण्याला मळा होता. मशीन मला धंद्यासाठी नकोच होती, आणि हेच गावाला समजत नव्हतं. लोक विचारायचे, "नामदेव, ह्यातून सुटणार काय?" मी म्हणायचो, एक माणूस सुटणार नाही, एवढंच.

नवी लेथ घेणं आमच्या ऐपतीच्या बाहेर होतं. मी भंगारवाल्यांकडं खेटे घालायला लागलो. तिथं एका शेडच्या मागं, कुलरच्या पत्र्यांखाली एक बुटकी लेथ सापडली. राजकोटकडची असावी. टेबलावर बसेल एवढी, गंजलेली, एका चाकाची मूठ तुटलेली. मी म्हाताऱ्या भंगारवाल्याला विचारलं, चाचा, ये चलेगी क्या? त्यानं बिडी न काढताच सांगितलं, "मशीन नहीं चलती बेटा, आदमी चलाता है." मला त्याचं बोलणं आवडलं आणि मी भाव केला नाही. आयुष्यात भाव न करता घेतलेली ती एकच वस्तू. माझी सायकल त्यात गेली, त्या वर्षीचे नवे कपडे गेले आणि आईच्या शिव्या वर फुकट मिळाल्या.

फुलांच्या खोलीचा अर्धा भाग मी अडवला. वडिलांची मोडकी बैलगाडी गोठ्याजवळ पडून होती, तिच्या सागवानी दांड्यांचं टेबल केलं. पाणसळ लावून ते टेबल एका पातळीत आणायलाच मला मेथीचं एक पीक लागलं, कारण सारवलेली जमीन पाण्यानं रोज बसायची. शेवटी खाली दगड रचले. मोटर घातली ती शेजारच्या बंद पडलेल्या घरघंटीची. मग जोडीला एक ग्राइंडर आला, त्याचा आवाज डासासारखा. एक ड्रिल मशीन आली, तिची मान जराशी डुलायची. लोखंड आवळून धरायचा व्हाइस मात्र चांगला मिळाला. लेथ चालू झाली की पट्टा फटफट वाजायचा, पत्रा थरथरायचा आणि आई ओट्यावरून ओरडायची की फुलं घाबरतात. संध्याकाळी सगळ्या मळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की दिवा पिवळा पडायचा आणि लेथ दमेकऱ्यासारखी धापा टाकायची, म्हणून मी भर दुपारी काम करायचो. भाकरी, खुडलेल्या मिरचीचा ठेचा आणि कांदा तिथंच व्हाइसशेजारी खायचो. ठेच्याला लोखंडाची चव यायची.

आई सुरुवातीला चिडली, मग सवयीची झाली. बायकांना सांगायची, "लोकांच्या पोरांना दारूचा नाद लागतो, माझ्याला लोखंडाचा लागला. घरात तर राहतो, हे काय कमी हाय?" एकदा तिच्या हारात पितळेचा कीस गेला. फूलबाजारातल्या व्यापाऱ्यानं हार उलटासुलटा करून बघितला. आई ठसक्यात म्हणाली, देवाला सोनं वाहिलंय, तुला नको असंल तर दे परत.

माझं काम मात्र सरळ येत नव्हतं. गज लावावा, कातावा, काचेवर गडगडवावा, तो एका बाजूला निमुळता. पुन्हा लावावा, पुन्हा तेच. दाजींचं ते हसू कानात वाजायचं. आणि मग खंडेनवमी आली. आमच्या घरात खंडेनवमीला विळे, खुरपी, कुदळ, नांगराचा फाळ सगळं धुऊन पुजतात, आणि पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत जागचं हलवत नाहीत. दसऱ्याचा झेंडू म्हणजे आमची वर्षाची कमाई. मी टेम्पोबरोबर फूलबाजारात गेलेलो. इकडं आईला माझ्या मशीनची माया आली. तिनं पोळ्याच्या बैलाला घालतात तशी लेथला आंघोळ घातली. कढत पाणी, साबण, नारळाच्या शेंडीनं घासून, घागरीवर घागरी ओतून. मग जुन्या लुगड्यानं पुसली, हळदीत पाची बोटं बुडवून लेथच्या चकचकीत पट्टीवर उमटवली आणि वर झेंडूचा मोठा हार घातला.

मी आलो तर मशीन नवरीसारखी उभी. पट्टीवर पाण्याचे थेंब दिसत होते. मी तेलाचा डबा घेतला तर आईनं हात धरला. पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत शिवायचं नाय, म्हणाली. मी सांगितलं, आई, गंजेल गं. ती म्हणाली, "देवाचं पाणी हाय, देवाच्या पाण्यानं कुठं गंज चढतो?" मी डबा खाली ठेवला. दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर मी हार काढला तेव्हा सगळी लेथ तांबडी झालेली होती. जिथं हळद होती तिथं तर पाच बोटं लोखंडात उतरलेली. चाक फिरेना, सुरी धरणारी सरक जागची हलेना.

सगळी दिवाळी मी रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन त्या मशीनपुढं बसून काढली. शेवटचा नट सुटेपर्यंत ती खोलली. भंगारातून आणली तेव्हा मी ती वरवर पुसून चालू केली होती, आतून कधी बघितलीच नव्हती. खोलल्यावर दिसलं की गजाचं दुसरं टोक जे धरून ठेवतं ते टेलस्टॉक मधल्या रेषेतच नव्हतं. कुणीतरी पूर्वी त्याच्याखाली पत्र्याचा तुकडा कोंबलेला. म्हणजे माझा हात वाकडा नव्हता. मी तो तुकडा काढला, टेलस्टॉक रेषेत आणून बसवलं आणि पुन्हा गज लावला. काचेवर सोडला. तो पाण्यासारखा वाहत गेला. मी ओट्यावर जाऊन आईच्या पाया पडलो. तिला काही कळलं नाही. ती म्हणाली, बघ, म्हटलं नव्हतं मी, पूजेचा गुण येतो.

त्या पट्टीवर ती पाच बोटं आजही आहेत. आई गेली, लेथ आहे. नातू विचारतो की डाग घासून का काढत नाहीत. त्याला सांगतो, तुला हवं तर तू मशीन घे, डाग माझा आहे.

लेथ सरळ चालायला लागली त्याच सुमारास दाजींनी पाथर्डी फाट्याकडं बंगला बांधायला काढला. प्रत्येक पाहुण्याला ओढून दाखवायला न्यायचे. मलाही नेलं. प्लास्टर चालू होतं. खिशातली पट्टी हवेत फिरवत म्हणाले, गवंड्याच्या मागं मी स्वतः उभा राहिलोय, एक सूत इकडचं तिकडं नाही. मी दिवाणखान्याच्या मोठ्या भिंतीकडं बघत होतो. माझी वाकडी नजर सांगत होती की भिंत वरून पुढं आली आहे. घरी येताना मला माझी वस्तू सापडलेली होती.

ओळंबा सगळ्यांनी गवंड्याच्या हातात बघितलेला असतो. वर एक चकती, तिच्यातून दोरा, खाली वजनाचा लोलक. चकती भिंतीला टेकवून लोलक खाली सोडायचा. लोलक भिंतीला नुसता शिवला तर भिंत सरळ. खाली फट राहिली तर भिंत वरून पुढं आलेली. सगळं गुपित एवढंच की चकती आणि लोलक यांचा घेर अगदी सारखा हवा आणि दोऱ्याचं भोक बरोबर मधोमध हवं. मी दोन्ही एकाच पितळी गजातून, टूल न हलवता, एका दमात कातले, मग कापून वेगळे केले आणि लोलकाला खाली टोक काढलं. असं सांगायला सोपं आहे. भोक चुकून कितीतरी लोलक वाया गेले. ते आईनं वाया जाऊ दिले नाहीत, फुलांवरच्या गोणपाटाच्या कोपऱ्यांना वजन म्हणून बांधले. शेवटी एक जमला. चिंचेनं उजळला तेव्हा त्यात माझं तोंड दिसत होतं. आता दोरा कशाला गुंडाळायचा? मी पेटीतून ती जुनी वाकडी पिन काढली आणि दोरा तिलाच गुंडाळला.

वास्तुशांतीच्या आधी आक्का हारांचं सांगायला माहेरी आली. तिनं ओळंबा बघितला, पिन ओळखली आणि सगळं ओळखलं. ती लेथजवळच्या पाटावर बसली आणि हळू म्हणाली, "नामा, तिथं हे काढू नको. तू बोलून निघून येशील. मला त्या घरात राहायचंय." मी म्हटलं, मी एक शब्द बोलणार नाही. ती म्हणाली, तू न बोलता जास्त बोलतोस. मी शब्द दिला की तोंड उघडणार नाही. आणि तो शब्द मी पाळला, हे लक्षात ठेवा.

वास्तुशांतीला आईचे हार दारापासून गच्चीपर्यंत. गुरुजींचा होम झाला, पंगती बसायच्या होत्या. माहेरचा आहेर द्यायची वेळ आली. आईनं आक्काला साडी, दाजींना पोशाख दिला आणि मी पुढं होऊन पितळी ओळंबा दाजींच्या हातावर ठेवला. माझी नजर चुकली असेल तर पुढचं सगळं आयुष्य ती पिन माझ्यामागं गडगडत राहणार होती. दाजींनी बघितलं, पिन बघितली आणि त्यांच्या तोंडावर तेच जुनं हसू आलं. मला माहीत होतं ते हसणार. मला माहीत होतं ते चारचौघांना दाखवल्याशिवाय राहणार नाहीत.

"बघा हो," ते पाहुण्यांना म्हणाले, "वाकड्या हातानं ओळंबा केलाय." आणि दोरा सोडून त्यांनी स्वतःच चकती त्या मोठ्या भिंतीला टेकवली.

लोलक डोलला, थांबला. भिंत आणि लोलक यांच्यामध्ये बोट सहज मावेल एवढी फट. पाहुण्यांमध्ये गवंडी होता, तो चपला शोधायला लागला. दाजींनी चकती सरकवून पुन्हा धरली. फट तेवढीच. पुन्हा तिसरीकडं धरली. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "ह्याचा ओळंबाच वाकडा आहे. हिचं माहेरच वाकडं, तिथून सरळ काय येणार?" आणि हसले. आणि सवयीनं आई हसायला गेली, पण ह्या वेळी तिला ते जमलं नाही.

मी शब्द दिला होता.

आक्काच्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं. तिनं ते खाली ठेवलं, नवऱ्याच्या हातातून ओळंबा घेतला, उचलून ठेवायला घ्यावा तसा, आणि पदर सावरत समोरच्या भिंतीपाशी गेली. टाचा उंच करून चकती टेकवली आणि दोरा सोडला. लोलक फिरला, थांबला आणि भिंतीला असा शिवला की मध्ये कागदही गेला नसता. ती तशीच धरून उभी राहिली. सगळ्यांचं बघून झाल्यावर तिनं दोरा त्या वाकड्या पिनेला गुंडाळला आणि म्हणाली, "पंगती बसवून घ्या, मांडे गार होतायत."

मी त्या दिवशी जेवलो तसा पुन्हा कधी जेवलो नाही. मांडे, वर दूध, वर तूप. समोरच्या रांगेत दाजी, त्यांचं ताट भरलेलं तसंच. खिशातली पट्टी त्यांनी दिवसभर बाहेर काढली नाही. लोक सांगतात की सूड घेतला की मन उदास होतं. ज्यांचं होत असेल त्यांचं होवो. मला दुसऱ्यांदा मांडा लागला.

महिन्याच्या आत दाजींनी त्या भिंतीला छतापर्यंत शोकेस करून घेतलं. काचा, बाहुल्या, कारखान्यातली स्टीलची बक्षिसं. मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा मुद्दाम त्याच्यासमोरच्याच खुर्चीवर बसलो. दाजी उठून दुसरी खुर्ची देऊ करायचे. मी म्हणायचो, राहू द्या, इथून छान दिसतं. असं वर्षानुवर्षं चाललं. मधल्या काळात अंबडला मंदी आली, कारखाना गेला, लेथ विकल्या गेल्या. माझी बुटकी लेथ अजून फटफटते, हे मी त्यांना प्रत्येक भेटीत न विचारता सांगितलं.

गेल्या भाऊबीजेला गेलो तर शोकेस गायब. वाळवी लागली म्हणून काढलं होतं. भिंत उघडी, वर जुन्या रंगाचा चौकोन आणि त्या चौकोनाच्या मधोमध, खिळ्याला, चकती भिंतीला टेकवून, माझा ओळंबा लटकत होता. पितळ चकचकीत, चिंचेनं नुकतंच घासलेलं. वाकडी पिन दोऱ्याच्या टोकाला होती. दाजी कोपऱ्यात सोफ्यावर टीव्हीकडं तोंड करून बसलेले, आता कान कमी आणि पाय त्याहून कमी. आक्कानं मला पाटावर बसवलं, ओवाळलं, तोंडात करंजी घातली. मग माझी नजर कुठं आहे ते बघून तिनं निरांजन खाली ठेवलं, भिंतीपाशी गेली आणि त्या फटीत बोट घालून बघितलं. शोकेस असतानाही त्याच्या कडेला भिंतीवर ओळंबा लावून दर भाऊबीजेला, मी यायच्या आधी, बघत असणार, हे तिच्या हाताच्या सवयीवरून मला कळलं.

"तेवढीच आहे रे," ती म्हणाली, नेहमीच्या सुरात, पण सोफ्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "वाढलेली नाही."

दाजी टीव्हीकडं बघत राहिले. टीव्ही बंद होता.